सईचा बर्फ

मुलुंड, १४ सप्टेंबर २०२५

ति. आई यांस,
श्रुतिकाचा सा. न. वि. वि.

तुम्ही मिठबांवला सुखरूप पोहोचल्याचं यांनी सांगितलं. फोनवर तुम्ही तिकडे रडता, मी इकडे. बोलायचं राहूनच जातं, म्हणून पत्र. गुडघ्याला तेल लावता ना? सून सांगते म्हणून टाळू नका.

एक विचारायचं आहे. ताप यायच्या आदल्या दिवशी मी सईला घन, द्रव, वायू शिकवत होते. घोकून कंटाळली, म्हणून म्हटलं, तूच ट्रेमध्ये पाणी भर आणि फ्रीजरमध्ये ठेव. तिने प्रत्येक खान्यात गोकर्णाची पाकळी टाकली. पुढे बर्फ बघायलाही उठली नाही, डेंग्यूने नेलंच तिला. आज धीर करून फ्रीजर उघडला, तर ट्रे नाही. तो ओट्यावर धुऊन पालथा घातलेला. आई, तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. तुम्ही बर्फ दुसऱ्या कशात काढून ठेवलात का?

तुमची माया आहेच, ती असू द्या.
श्रुतिका

मिठबांव, २० सप्टेंबर

चि. सौ. श्रुतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बाय माझे, काढून नाही ठेवला. ओतला, मीच.

सुतक फिटल्यावर आपल्या रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं पाणी ओतलं. पिंप, कळशी, फिल्टर, सगळं. शेजारच्या राधावहिनी म्हणाल्या की बर्फ राहू द्या, त्याला कोण पाणी म्हणतं. मी म्हटलं, तसं कसं, माझ्या नातीने शिकवलंय मला. त्या दिवशी ट्रे ठेवून ती माझ्यापाशी येऊन बसली होती. दगडासारखं घट्ट झालं तरी ते पाणीच, असं माझ्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं चेडवाने. मी ट्रे नळाखाली धरला. पाकळ्या दिसल्या गं, तरी मला मेलीला कळलं नाही.

हवं ते बोल मला, पण अबोला धरू नको.
तुझी आई

मुलुंड, २७ सप्टेंबर

ति. आई यांस,
सा. न.

खोटं कशाला सांगू, तुमचा फार राग आला. पत्र कपाटात कोंबलं. मग ते यांनी वाचलं आणि ढसाढसा रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी इतकी वर्षं शाळेत हा धडा शिकवते. मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात. सईची एकच विद्यार्थिनी, ती मात्र विसरली नाही. तुमच्यावर रागावू तरी कशी?

आई, तिने तुम्हाला वायूचं काय सांगितलं? मी तेव्हा पोळ्या लाटत होते, तिच्या बडबडीकडे लक्षच दिलं नाही. दिवाळीची वाट बघू नका. विसरायच्या आत या.

तुमचीच,
श्रुतिका