पास झालेला लाकडी पाय

आदरणीय मामा,

माझ्याकडून साष्टांग नमस्कार, आणि बाबांकडून सध्या त्यांची जेवढी अंगं घरात आहेत तेवढ्यांचा. (का, ते पुढे कळेल.) आई ठणठणीत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र जरा जास्तच आवाज करून वाढते. तुमची कंबर काय म्हणते? मामींचा खोकला? मांजर व्यालं का? पत्राला खास कारण काही नाही, सहज आठवण आली.

गोदामात पिंप पडून बाबांचा गुडघ्याखालचा डावा पाय गेला, तेव्हापासून आमचं घर अपंगांच्या भत्त्यावर चालतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (आईचं शिवणकाम आहे, पण शेजारणी कपडे घेऊन जातात आणि पैशांची वेळ आली की हवापाण्याचं बोलतात.) तर दर वर्षी भत्त्याच्या कचेरीत जाऊन दाखवावं लागतं, की गेलेला पाय अजून परत आलेला नाही. बाबा हे फार मन लावून करतात. दाढी करतात, तुम्ही जुन्या दाराच्या चौकटीतून घडवलेला पाय तेल लावून चमकवतात आणि लग्नाला निघाल्यासारखे निघतात.

यंदा कचेरी तिसऱ्या मजल्यावर हलवली. खाली लिफ्ट आहे, तिच्यावर पाटी, फक्त अपंगांसाठी. स्टुलावर बसलेला लिफ्टवाला म्हणाला, अपंग असल्याचा पास दाखवा. पास कुठे मिळतो? तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी पँट वर केली, तर म्हणतो कसा, लाकूड मलाही दिसतंय, पण लाकूड म्हणजे पास नव्हे. बरं, जिना चढून जावं तर साहेब म्हणतात चढता येतंय ना, मग भत्ता कशाला? आणि नाही चढलं तर गैरहजर. जिन्याखालच्या बाकावर अशी गैरहजर मंडळी दाटीवाटीने हजर होती. एक आजोबा तर घरून उशी घेऊन आले होते.

तेव्हा मला युक्ती सुचली. (इथून पुढे आईचं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही माझं धरा.) साहेबांना बघायचाय पाय, मग बाबांनी सगळंच्या सगळं वर कशाला जायचं? बाबांनी पट्टे सोडले, पाय माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जपून ने. आपटू नकोस." माझा बेत साधा होता. पाय टेबलावर ठेवायचा, साहेब दचकतील, चिडतील आणि तणतणत बाबांना बघायला खाली येतील. साहेब दचकलेच नाहीत. त्यांनी पायाला टोकन दिलं आणि बसवून घ्यायला सांगितलं. पाय खुर्चीवर बसला, मी उभा.

मग डॉक्टरांनी बोलावलं. नियमात लिहिलंय म्हणे, ज्या अवयवाची तक्रार आहे तोच तपासावा. त्यांनी पायावर हातोडी मारली, घोट्याला दाबून बघितलं, दुखतं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही बोलला नाही अजून. सूज नाही, जखम नाही, भार पेलतो, सगळं लिहून झाल्यावर म्हणाले, "त्वचा जरा कडक आहे. तेल लावता वाटतं? लावत राहा." पाय पास झाला. कामाला योग्य, भत्ता बंद.

मी साहेबांना म्हटलं, अहो, खाली बाबा पायावाचून बसलेत. ते म्हणाले, "हा पाय कोणाचा?" बाबांचा. "मग त्यांना पाय नाही असं कसं म्हणता?" वर म्हणे, तक्रार असेल तर बाबांनी पुढच्या महिन्यात स्वतः यावं, आणि तोवर पाय पुरावा म्हणून कचेरीत जमा. मग काय, बाबांना पाठुंगळी मारून घरी आणलं. दारात आल्यावर एवढंच म्हणाले, की मेहुण्याने पाय फारच चांगला केलाय.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, मांजराला दोन्ही.

तुमचा लाडका (अजून असेन तर) भाचा

ता. क. बाबांना दुसरा पाय हवाय. या वेळी वाईट करा. वाकडा, करकरणारा, जमल्यास वाळवी लागलेला. पुढच्या तपासणीत नापास झाला पाहिजे, नाहीतर घर कशावर चालवायचं?

ता. क. दुसरा. वरचं बाबांनी वाचलं. म्हणतात, वाकडा पाय लावून मिळणारा भत्ता मला नको, मेहुण्याला लिही, पहिल्यासारखाच कर. म्हणून वाळवी रद्द. (थोडी करकर राहू द्या, बाबांना कळणार नाही.)

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कचेरीचा शिपाई आला. पाय कामाला योग्य ठरल्यामुळे त्याला नोकरी लागलीय, त्याच कचेरीत, लिफ्टवर. सोमवारपासून हजर व्हायचंय, पगार घरी. पाय तिथे आधीच पोचलाय, उशीर होणार तो बाबांना, तेव्हा सोमवारच्या आत दुसरा पाठवा. करकर अजिबात नको. लिफ्टवाल्याला वर जायला पास लागत नाही, हे मी शिपायाकडून वदवून घेतलंय. बाबा दाढीला बसलेत, आणि बाकावरच्या आजोबांना त्यांनी निरोप पाठवलाय, सोमवारी उशी आणू नका.