मानाचा नारळ

कर्जत, रविवार, २ फेब्रुवारी

वंशावळ शोधणाऱ्यांच्या ग्रुपात खोपोलीच्या सुरेशला मीच घेतलं. त्याला पणजोबांचं नावही ठाऊक नव्हतं. आज ग्रुपमधल्या चौघांनी मिळून त्याचं घराणं आमच्याच घराण्याला जोडून दिलं, तेही थोरल्या पातीला, थोरल्या भावाच्या वंशाला. आमची धाकटी. म्हणजे जत्रेतला मानाचा नारळ त्याचा. आजोबा, बाबा, मी, आजवर आम्हीच फोडला तो. शिवाय नात्याने हा माझा चुलता निघाला, वयाने एवढा लहान असून. सगळे अभिनंदन करतायत त्याचं. मी का जळतोय? जळतोय खरा.

कालपर्यंत मला दादा म्हणायचा. संध्याकाळी फोन केला, "पुतण्या, नारळ यंदाही तूच फोड रं. आपल्याला काय तसलं नाय."

फोडीन. पण आता तो त्याने दिलेला नारळ असणार.