पाठमोरी चार सेकंदं

कृष्णानगर, हैदराबाद
शुक्रवार, दुपार

वीरराघवय्या बावगारूंना धाकटा मेहुणा पानकालू याचा दुरूनच साष्टांग नमस्कार. (दुरून अशासाठी, की मला कांजिण्या आल्या आहेत. चौतिसाव्या वर्षी. हसू नका. पत्र तीन तास कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून मगच पाकिटात घालीन.) आपला दमा कसा आहे? शाळेतली पोरं अजून आपल्याला घाबरतात ना? अक्काच्या कंबरेला तेल लावताय की नुसतं विचारताय? अक्काचं चार पानी पत्र काल पोचलं. पहिल्या पानावर रेपल्लेच्या मुलीची पत्रिका, उंची, रंग आणि येत्या दशमीला मी तिला पाहायला जाणार असल्याची बातमी वाचली आणि उरलेली तीन पानं उशीखाली सरकवली. अंगाला खाज आधीच काही कमी नव्हती.

आज सोळावा दिवस. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं होतात आणि दारापासून खिडकीपर्यंत साडेसहा. असं का, ते मला रोज मोजूनही कळलेलं नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की वाटतं उगाच उठलो. घरमालकीण पार्वतम्मा खिडकीतून ताकभात सरकवते आणि बजावते, "तिसरं पाणी, शेवटची आंघोळ, मंगळवारी. तोवर उंबरठ्याबाहेर पाय टाकलास तर अम्मवारू देवीला मी काय तोंड दाखवू?" मी म्हणतो, टपालपेटीपर्यंत तरी जाऊ द्या. ती म्हणते, पत्र मी टाकते, तू फोड खाजवू नकोस. पण मला जी खाज सुटली आहे ती फोडांची नाही, बावगारू. तेच सांगायला बसलो आहे.

तमिळ सिनेमांना तेलुगू संवाद चढवायचा माझा धंदा आपल्याला पसंत नाही हे मी जाणतो. मागच्या माझ्या सिनेमातून आपण पंधराव्या मिनिटाला उठून गेलात आणि कार्ड टाकलंत, 'ही तेलुगू कोणाच्या घरची?' कोणाच्याच नाही. ती ओठांची तेलुगू आहे. तमिळ नटानं ओठ मिटले की मला प, ब, म हुडकून आणावे लागतात. त्यानं तोंड उघडं टाकलं की 'आहा' घालायचं. (आपल्याला ज्या 'आहा'चा इतका राग आला, तिथे तो खरं तर जांभई देत होता.) अशाच एका प्रसंगात दहा वर्षांनी नवरा परत येतो, बायकोचे ओठ दोनदा मिटतात आणि मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी तिच्या तोंडी 'पपई' घातलं. नायिकेचा आवाज देणारी बाई माइकसमोरून कागद घेऊन बाहेर आली. "रायटरगारू, दहा वर्षांनी नवरा दारात उभा आहे आणि ही त्याला पपई म्हणते?" मी म्हटलं, ओठ दोनदा मिटतात. ती म्हणाली, "मग 'पुरे, पुरे' म्हणू दे की. कधी कुणाची वाट बघितली नाहीत वाटतं तुम्ही?"

तिचं नाव हैमवती. वय एकतीस, स्वभाव वरीलप्रमाणे. त्या दिवसापासून माझं प्रत्येक वाक्य मी आधी तिच्या तोंडून ऐकू लागलो. जेवणाच्या सुट्टीत सगळे घोळक्यानं बसतात, मी जिन्यात एकटा डबा उघडतो. एकदा तिनं जाता जाता माझ्या भातावर आंबाडीची चटणी वाढली. मी दोन तांबे पाणी प्यायलो आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हटलं, दुःखाचा प्रसंग लिहीत होतो. तिनं फक्त "हं" म्हटलं. त्या 'हं'वर मी तीन महिने काढले. लाखभर वाक्यं लिहिणाऱ्याला आपलं स्वतःचं एक वाक्य बोलता येऊ नये, याची मला लाज वाटते.

आता हा ताजा सिनेमा. नायक लेखक. प्रेमावर ढीगभर लिहितो, पण प्रेम कशाशी खातात ते त्याला माहीत नाही. त्याची पुस्तकं टाइप करणारी मुलगी त्याला ते शिकवते. (मुळात हे कोणी लिहिलं असेल? माझ्यावर पाळत ठेवून लिहिलं असावं.) मध्यंतरानंतर नायक कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा आहे आणि लगेच नायिका पाठमोरी होऊन साड्या वाळत घालते. ती चार सेकंदं. पाठ आली की ओठ जुळवायची कटकट नाही, तिथे काहीही घालता येतं. मी नायकाच्या पाठीला लिहिलं, "रोज एकट्यानं डबा उघडायचा कंटाळा आलाय. तुझ्या पानाशेजारी माझं पान मांडशील?" नायकाचा आवाज कोटेश्वरराव देतात. वय अठ्ठावन्न, दोन नातू. ते म्हणाले, "हे मूळ सिनेमात नाही." मी म्हटलं, पाठ आहे. ते म्हणाले, "पाठ कुणाची, ते समजलं मला." आणि डोळे मिटून अगदी जीव ओतून बोलले. बाहेर आले आणि म्हणाले, "छत्तीस वर्षांत बायकोला असं विचारलं नाही रे मी."

नायिकेच्या पाठीसमोर मात्र मी कागदावर काहीच लिहिलं नाही. जागा कोरी सोडली आणि पेन्सिलीनं टीप टाकली, 'इथे आपल्या मनाला येईल ते.' दुसऱ्या दिवशी तिचं डबिंग. मी नवा शर्ट काढला, आरशात पाहिलं आणि कपाळावर पहिला फोड दिसला.

ती काय बोलली ते मला माहीत नाही. डबिंग संपताच ती महिनाभरासाठी मद्रासला गेली. ध्वनिमुद्रकाला पार्वतम्माकडून चिठ्ठी धाडली, तर उत्तर आलं, 'तुम्ही लिहिलं असेल तेच बोलली असेल.' सिनेमा गेल्या आठवड्यात तुमच्या गुंटूर जिल्ह्यात लागला. इथे लागायला दसरा उजाडेल. म्हणजे तुमचं सगळं पोन्नूर गाव माझं उत्तर शेंगा खात खात ऐकतंय आणि मी इथे साडेसहा पावलं मोजतोय. ती 'नाही' म्हणाली असेल तर दशमीला मी मुकाट्यानं रेपल्लेला जाईन. पण कोणी काही सांगेपर्यंत मला ना भात जातो, ना झोप येते.

असो. आपल्याला उगाच त्रास द्यायचा हेतू नाही. क्षेम कळवावं, एवढीच इच्छा.

आपला आज्ञाधारक
पानकालू

ता. क. आपण सिनेमाला जाल का? मध्यंतरानंतर दुसरा प्रसंग, साड्या निळ्या. कृपा करून झोपू नका, व्याकरण तपासू नका. ती जे बोलेल ते अक्षरन् अक्षर लिहून उलट टपाली धाडा.

ता. क. २. अक्काला यातलं काही सांगू नका. सांगितलंत तर सकाळी सांगा, ती दूध आणायला निघाल्यावर, म्हणजे ओरडेल ती गल्लीत ओरडेल.

ता. क. ३. सिनेमाला जाऊ नका! पाकीट चिकटवायला उशीखाली डिंक शोधत होतो, तर अक्काची उरलेली पानं हाताला लागली. तिसऱ्या पानावर ती लिहिते, 'तुझा नवा सिनेमा पाहिला. लाज आणलीस. गोष्ट मद्रासची, बाई धुणं वाळत घालतेय, जेवणाचा कुठे पत्ता नाही आणि मध्येच म्हणते, माझी आंबाडी तिखट असते, मागाहून कुरकुर चालणार नाही. मद्रासच्या बाईकडे आपली आंबाडी आली कुठून? आणि वर हसते. हसू स्पष्ट ऐकू येतं, पण पडद्यावरच्या बाईचे खांदे काही हलत नाहीत. मग हसली कोण रे?'

बावगारू, रेपल्लेला नकार कळवायला अक्काला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं. आणि हसली कोण, तेही सांगा.