सुप्रॉनचा लिफाफा

१८ जानेवारी, रविवार
मिल्टन कीन्स मराठी मंडळाची संक्रांत. हॉलचं हीटिंग बंद, तिळगूळ दगड. पण आपल्यासाठी दिवस मोठा. पद्माकरकाकांनी आज मला त्यांच्या कंपनीचा कम्प्लायन्स डायरेक्टर केलं. म्हणजे तिळगुळाबरोबर हातात एक लिफाफा दिला आणि म्हणाले, हे ऑनलाइन भरणं आता मला जमत नाही, तू बघ. पदाचं नाव माझं मीच घेतलं.

कंपनी म्हणजे काका, काकू आणि एकच प्रॉडक्ट : सुप्रॉन, मुंग्या मारायची पावडर. काका केमिस्ट. इथली नोकरी संपल्यावर त्यांनी स्वतःची पावडर रजिस्टर केली आणि तिला सुप्रभाकाकूंचं नाव दिलं. लोक बायकोच्या नावाने बंगला बांधतात, असं काकू अजून म्हणतात.

लिफाफ्यात रजिस्ट्रेशनच्या वार्षिक फीचं बिल. ३१ मार्चपर्यंत भरली नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. मी म्हटलं, "काका, डन समजा."

या देशात उतरलो तेव्हा पहिले पाच आठवडे यांच्याकडे राहिलो, काकूंच्या हातचं जेवलो. उतराई व्हायची संधी आली आहे. ही रोजनिशीसुद्धा आजपासून रोज.

२ फेब्रुवारी, सोमवार
रोज म्हणजे अगदी रोज असं नाही.

फी भरायला पाच मिनिटं लागतात. म्हणूनच घाई करायची नाही. आधी सिस्टिम. अकरा वर्षं आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, उगाच नाही. लाल-पिवळा-हिरवा ट्रॅकर करायला घेतला. आश्लेषाचं म्हणणं, पाच मिनिटांचं काम आहे तर आधी भरून टाक, मग बस रंगवत. बायकोला प्रोसेस कळत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
ट्रॅकरला चौदा कॉलम झाले. फीची ओळ हिरवी केली. भरलेली नाही, पण प्लॅन तयार आहे, आणि प्लॅन तयार असला की ऑफिसात आम्ही हिरवंच दाखवतो. आश्लेषाने मागून डोकावून पाहिलं. वरून हिरवं, आतून लाल, कलिंगड आहे नुसतं, असं म्हणाली. दुर्लक्ष केलं.

काकांचा रविवारचा फोन. फी भरली का, असं सरळ विचारत नाहीत, आधी हवापाणी, मग हळूच. सांगितलं, ग्रीन आहे. त्यांना बरं वाटलं. मलाही.

८ मार्च, रविवार
रजिस्ट्रेशन देणाऱ्या रेग्युलेटरला मी माझाच ईमेल पत्ता कळवून ठेवलाय; त्यांच्या ईमेलसाठी वेगळा फोल्डर केला. नाव : अतिमहत्त्वाचे. आपोआप तिकडे जातात, इनबॉक्समध्ये कटकट नाही. आत तीन आहेत, न उघडलेले. सुरक्षित आहेत.

काकांचा फोन. ग्रीन.

२९ मार्च, रविवार
आज घड्याळं एक तास पुढे गेली. नेमका त्याच तासात फी भरणार होतो.

३१ मार्च, मंगळवार
लंच टाइमला बसलोच. रेफरन्स नंबर मागतात. तो बिलावर. बिल लिफाफ्यात. लिफाफा ग्रे जॅकेटच्या आतल्या खिशात. जॅकेट चॅरिटी शॉपमध्ये, जुन्या कपड्यांबरोबर दान. आश्लेषाने देताना विचारलं होतं, खिसे बघितलेस का. बघितले म्हणालो होतो.

संध्याकाळी दुकानात गेलो. जॅकेट विकलं गेलं. कोणीतरी सुप्रॉनचं भवितव्य खिशात घालून फिरतोय, आणि त्याला थंडी वाजत नाहीये.

१ एप्रिल, बुधवार
एका दिवसाने काय होतं? इंग्रज माणूस सभ्य. एक छानसा पत्रवजा ईमेल टाकायचा, मुदतवाढ मागायची. ड्राफ्ट सुरू.

१९ एप्रिल, रविवार
ड्राफ्ट चौथा. 'regret' की 'sincerely regret' यावर अडलोय.

काकांचा फोन. ग्रीन म्हणालो. या वेळी हवापाण्याचा विषय मीच काढला.

३ मे, रविवार
किचनमध्ये मुंग्या. आश्लेषाने सुप्रॉन टाकलं, दोन तासांत साफ. खरंच चांगली पावडर आहे. डब्यावर बारीक अक्षरात रजिस्ट्रेशन नंबर छापलेला दिसला. डबा फिरवून ठेवला.

७ मे, गुरुवार
रद्द झालं.

वेबसाइटवर रद्द झालेल्या प्रॉडक्ट्सची यादी आहे. कारणाच्या रकान्यात : वार्षिक फी भरली नाही. बाकीची बहुतेक नावं कंपन्यांनी आपणहून सोडून दिलेल्या जुन्या औषधांची. त्यांच्यात सुप्रॉन एकटंच धडधाकट.

तयार माल काही महिने विकता येईल. नवीन करायचा नाही. पुन्हा हवं असेल तर नवा अर्ज, नव्या चाचण्या, काही वर्षं. काका सत्याहत्तर वर्षांचे आहेत.

मग तो फोल्डर उघडला. पाच ईमेल. पाचही ईमेलमध्ये रेफरन्स नंबर होता, आणि खाली पैसे भरायचं बटण. काखेत कळसा आणि मी चॅरिटी शॉपमध्ये.

रविवारी काकांना सगळं सांगायचं. स्वच्छ.

१० मे, रविवार
आजचं लिहू नये असं वाटतंय.

फोन त्यांचाच आला. पावडर डब्यात भरून देणाऱ्या माणसाने यादी बघून त्यांना कळवलं होतं. आवाज अगदी साधा. म्हणाले, "नकुल, संक्रांतीला मी तुला लिफाफा दिला होता ना?"

आणि मी म्हणालो, "कुठला लिफाफा, काका?"

फक्त वेळ काढायला म्हणालो. पुढचं वाक्य खरं बोलणार होतो, आईशप्पथ. पण त्याआधीच ते म्हणाले, "मग मीच विसरलो असणार." आणि माझी मान आपोआप हलली. बरं झालं, फोनवर मान दिसत नाही.

पण दर रविवारी ग्रीन म्हणत होतास ते काय, असं त्यांनी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. मंगळवारी जाऊन सांगतो.

१२ मे, मंगळवार
कचऱ्याच्या गाडीचा दिवस. डबे बाहेर काढण्यात सकाळ गेली, संध्याकाळी पाऊस. सुज्ञ माणसाने मंगळवारी अवघड बोलू नये.

सुज्ञ कसला. नीच आहे मी.

२४ मे, रविवार
काकांकडे गेलो. सांगायलाच.

घरभर पिवळ्या चिठ्ठ्या. शेगडीवर 'गॅस बंद केला का?' दारावर 'किल्ली.' गोळ्यांच्या डबीवर 'सकाळ.' अक्षर काकूंचं, सुवाच्य, शाळेत फळ्यावर लिहितात तसं. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, यांना विस्मरण व्हायला लागलंय रे, एवढं मोठं काम विसरले. रात्ररात्र झोपत नाहीत. गाडी चालवायचं सोडलं. एकेका दुकानदाराला फोन करून माफी मागितली, चूक माझी, वय झालं म्हणून.

काका चिठ्ठी बघून शेगडी बंद करत होते. बंदच होती. तरी परत बघितली.

काकू म्हणाल्या, जीपी डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची टेस्ट आहे, तू घेऊन जाशील ना? इथे तुझ्याशिवाय आहे कोण. हो म्हणालो. त्यांनी थालीपीठ वाढलं. दोन खाल्ली. मला लाज नाही असं नाही, पण नको कसं म्हणणार.

९ जून, मंगळवार
टेस्ट. नर्सने मलाही आत बसू दिलं. एक नाव आणि पत्ता सांगितला, शेवटी विचारीन म्हणाली. मग वर्ष, महिना, वीसपासून उलटे आकडे, महिने उलटे. काका धडाधड. पत्ता शब्दन् शब्द बरोबर. मी मनातल्या मनात सोबत करत होतो, घराचा नंबर मला आठवला नाही.

नर्स म्हणाली, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. काका हसले नाहीत. तिला इंग्रजीत म्हणाले, मग मला अजून एक गोष्ट आठवते, ती खरी धरू का? अठरा जानेवारी. हॉल गार होता. याने ग्रे जॅकेट घातलं होतं. उजव्या हातात तिळगूळ दिला, डाव्या हातात लिफाफा. हा म्हणाला, डन समजा. हे शेवटचे दोन शब्द जसेच्या तसे.

नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "येस." पाच महिन्यांतला माझा पहिला खरा रिपोर्ट.

गाडीने परत निघालो. इथे राउंडअबाउट मोजून संपत नाहीत. शेवटच्यावर काका म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो." रागाने नाही. माणूस सुटल्यासारखा बोलला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग दारात थांबून म्हणाले, काकूला तू सांगायचं, मी नाही सांगणार.

सांगितलं. उभं राहूनच. ट्रॅकरसुद्धा सांगितला. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक चिठ्ठी काढायला लागल्या. शेगडीवरची, दारावरची, डबीवरची. सगळ्यांची गड्डी केली आणि माझ्या हातात ठेवली.

"घे. तुला लागतील."

काकांनी चहा टाकला. चिठ्ठी न बघता. मला कप मिळाला, पण बस म्हणालं नाही कोणी.

घरी आल्यावर आश्लेषालाही सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, रंग बदल आधी. फीची ओळ लाल केली. उपयोग काहीच नाही.

मग चिठ्ठ्या बघत बसलो. शेवटची एक तिथे मला दिसली नव्हती, फोनजवळ लावलेली असणार. काकूंचंच अक्षर : 'काही आठवलं नाही तर नकुलला विचारा.'