आईच्या रेडिओचा अ‍ॅडाप्टर आणि तुझा नवरा

ती. सुमिएताईस,

पत्राची सुरुवात हवापाण्यापासून करायची आपली रीत, म्हणून आधी तेवढं उरकतो. इकडे सबाएत असं उकडतंय की कारखान्यात लोकांच्या चष्म्याच्या दांड्या घासताना माझाच चष्मा नाकावरून घसरून खाली येतो. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची तब्येत उत्तम असणारच. (तीस वर्षांत हा माणूस एकदा शिंकल्याचंही ऐकलं नाही. आजारी पडायलासुद्धा मन मोठं लागतं.) आई खाऊनपिऊन ठणठणीत आहे, फक्त माझ्यावर रुसलेली आहे. का, ते सांगायलाच लिहायला बसलो.

आईचा स्वयंपाकघरातला रेडिओ तुला आठवत असेल. त्याच्यातले सेल पाझरले आणि आतल्या स्प्रिंगा गंजून गेल्या. नेमक्या तुमच्या नागोयातल्या सुमोच्या कुस्त्या तोंडावर आलेल्या. मी म्हटलं नवा आणू, तर म्हणाली नव्याची बटणं बोटांना ओळखत नाहीत. मी स्क्रू काढायला घेतो तोच तिनं तुमच्याकडे फोन लावला. दाजी म्हणाले, सेलचा नाद सोडा, मागं एक खोबण बसवून तो अ‍ॅडाप्टरवर चालवा, ऑगस्टात आलो की दहा मिनिटांत करून देतो. दहा मिनिटांत! आईनं फोन ठेवला आणि देव भेटल्यासारखी माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, योशिनारीला न बघताच कळलं." मीही न बघताच सांगितलं असतं, पण मला फोन कोण करणार, मी समोरच उभा होतो. सरळ लिहितो ताई, माझ्या पोटात दुखलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात म्हणून आईला वाटतं जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या हातून वर जाते. मी तीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवतोय, त्याचं काय? पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

तेव्हा ठरवलं की दाजी यायच्या आत रेडिओ बोलता करायचा. खोबण बसवायला मला (घड्याळ लावून मोजलं) नऊ मिनिटं लागली. राहिला अ‍ॅडाप्टर. आपल्याकडे बिस्किटांचा तो मोठा डबा आहे ना, ज्यात मेलेल्या यंत्रांचे अ‍ॅडाप्टर आपण जपून ठेवतो? मी मोजले, सत्तावीस निघाले. यंत्रं केव्हाच भंगारात गेली, पण त्यांच्या शेपट्या आपण पितरांसारख्या सांभाळतोय. त्यांतला कुठला कशाचा हे त्या एकालाही सांगता येत नव्हतं. (तुमच्या घरी दाजी प्रत्येक वायरीवर छापील पट्टी चिकटवतात हे ठाऊक आहे. मागच्या खेपेला त्यांनी आमच्या भाताच्या कुकरवरही "भाताचा कुकर" अशी पट्टी लावली. आई ती पुसते, पण काढत नाही.)

रेडिओला चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट. पण सहाचा पटकन सापडेना आणि नऊचा हाताशी आला. मी विचार केला, आईला कमी ऐकू येतं, तीन जास्त गेले तर बरंच. लावला. समालोचक असा ओरडला की जणू पैलवान त्याच्याच अंगावर पडला होता, आणि पाठोपाठ जळका वास. मी खेचून काढला. आई बाहेरून म्हणाली, "कोण जिंकलं रे?" दुसरा खरोखर सहाचा होता. त्यातून कुस्ती नाही, नुसतं मधमाशांचं पोळं ऐकू आलं. मग कळलं की काही अ‍ॅडाप्टर भिंतीतली वीज फक्त लहान करतात, सरळ करत नाहीत. आपला धाकटा काका होता तसे. तिसरा सहाचा, सरळ विजेचा, अँपिअर हवे त्याहून जास्त (ते जास्त असले तर बिघडत नाही, व्होल्टबाबत मात्र असा मोठेपणा चालत नाही), टोक खोबणीत चपखल. आणि रेडिओ मुका. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं, टोकाच्या आत वजा आणि बाहेर अधिक, रेडिओला हवं त्याच्या नेमकं उलट. तो तुझ्या लेकीच्या जुन्या खेळण्याचा निघाला. आपल्याकडे तेव्हा असेच उलटे करायचे. रेडिओ वाचला हे त्याचं नशीब.

या काळात आई रोज संध्याकाळी मुक्या रेडिओसमोर बसायची आणि म्हणायची, "राहू दे रे, योशिनारी येईल तेव्हा बघेल." हे ती इतक्या प्रेमानं म्हणायची की नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी म्हटलं, मग टीव्ही लावू? तर नको म्हणाली.

काल बाबांची तिथी, आपण दर महिन्याला पाळतो ती. मी देव्हारा पुसायला घेतला. तुमच्याकडून आलेली उन्हाळ्याची भेट, शेवयांची पेटी, अजून तिथंच होती, कागदही न काढलेली. आलेली भेट आधी बाबांना दाखवायची हे खरं, पण तीन आठवडे? बाबा जिवंत असताना शेवया बघायला एवढा वेळ लावत नसत. पेटी उचलली तर आत खडखड. शेवया खडखडत नाहीत, ताई. उघडली. गठ्ठ्यांच्या मधोमध अ‍ॅडाप्टर, वर छापील पट्टी: "आईंचा रेडिओ. ६ व्होल्ट. आत अधिक." पेटीखाली तुमचं भेट पाठवल्याचं, टपालानं वेगळं आलेलं कार्ड, उघडलेलं, वाचून वाचून मऊ झालेलं. त्यात दाजींच्या अक्षरात, "अ‍ॅडाप्टर सोबत ठेवला आहे, आमच्या येण्याची वाट बघू नका. तदाओमीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तो सहज बसवेल."

(हे वाक्य मी चार वेळा वाचलं. माणूस जळत असताना त्याच्याशी असं चांगलं वागू नये.)

मी आईसमोर कार्ड धरलं. ती जरासुद्धा ओशाळली नाही. म्हणाली, "वाचलंय मी. पण रेडिओ सुरू झाला असता तर सुमिए कशाला आली असती? मागच्या वर्षी काही बिघडलं नव्हतं, तर आली का?"

आणि पेटी उघडली म्हणून वर माझ्यावरच रुसली. तुझ्यासाठी आईनं नागोयाच्या कुस्त्या सोडल्या. पंधरा दिवस. मी रोज सहाला घरी येतो, माझ्यासाठी ती काय म्हणून काही बंद ठेवील? तेव्हा आजपासून दाजींचा हेवा मी सोडला आहे. आता तुझा करतो.

दाजींना नमस्कार सांग. (कोरडाच सांग.)

तुझा धाकटा भाऊ,
तदाओमी

ता. क. दाजींचा अ‍ॅडाप्टर मी आई आंघोळीला गेल्यावर लावून पाहिला. रेडिओ लगेच लागला, आवाज स्वच्छ. आई बाहेर यायच्या आत काढून परत शेवयांत ठेवला.

ता. क. दुसरा: ऑगस्टात पितर घरी येतील त्या आठवड्यात तुम्ही दोघं या. हे मी लिहिलंय असं आईला कळू देऊ नकोस. दाजींना काम उरावं म्हणून मी रेडिओची आतली एक तार सोडवून ठेवली आहे. कुठली ते लिहीत नाही. बघू या दहा मिनिटांत जमतं का.

ता. क. तिसरा: त्यांना सुट्टी मिळाली नाही, तर तू एकटी ये. तार मी लावीन.