बाईसाहेबांची वही

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी मांजर परवा पोचली. वाटेत ती दोनदाच ओरडली म्हणे. दादाच जास्त ओरडला असावा, कारण बोलताना त्याचा घसा बसलेला होता. मी तिला बाईसाहेब म्हणतो, कारण आल्या आल्या तिने माझी खुर्ची घेतली आणि मी स्टुलावर बसलो.

सहा महिने मांजर सांभाळायला माझी ना नाही. बदलीच्या जागी घरमालकीण प्राणी ठेवू देत नाही, हे कारण मला पटलं. पटलं नाही ते सोबतचं चार पानी पत्रक. घराबाहेर न जाणारी मांजर कंटाळते, पोटावरचे केस चाटून चाटून टक्कल पाडून घेते, म्हणून तिला घरातच शिकार मिळायला हवी, इथपर्यंत ठीक. पण रोज बारा ठिकाणी तिच्या कोरड्या खाण्याचे दाणे लपवायचे, त्यातल्या चार जागा वाकून पोचायच्या आणि चार हात वर करून? दोरीला पीस बांधून सकाळ-संध्याकाळ पाव तास सगळ्या खोल्यांतून फिरायचं? आणि वर त्याची वही ठेवायची?

मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घड्याळ आपोआप बंद पडलं असं गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं, आणि झाकण उघडलं की आतून पाणी निघायचं. तेव्हापासून कुणी कारण सांगितलं की मी मान हलवतो आणि झाकण उघडून बघतो. तुझ्या पत्रकाचं झाकण अजून उघडलेलं नाही, पण आत कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, तेव्हा लेखी उत्तर दे. प्रकृतीला जप.
तुझा,
बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वॉर्डात वाचलं आणि इतकी हसले की मोठ्या सिस्टर बघायला आल्या. बाबा, मांजरीवर तरी संशय घेऊ नका. ती बिचारी चार भिंतींत असते. उंदीर नाही, झाड नाही, भांडायला दुसरी मांजर नाही. तिच्या डोक्याला आणि पायांना काम दिलं नाही तर ती जाडही होते आणि चिडकीही. हे मी मनाने सांगत नाही, माझ्याकडे असताना तिचं पोट तुळतुळीत झालेलं मी पाहिलंय.

वहीचं पुन्हा एकदा सांगते. सकाळी तिला आतल्या खोलीत ठेवून दाणे लपवायचे. तासाभराने कुठे कुठे लपवले ते आठवून वहीत लिहायचं. मग दार उघडायचं आणि ती जिथे जिथे शोधेल त्या जागेपुढे खूण करायची. लिहून ठेवलं नाही तर उरलेले दाणे कुजतात आणि मुंग्या होतात, दुसरं काही नाही. पानं मात्र दर आठवड्याला पाठवा, मला तिची खुशाली कळते.

तुमच्या खुर्चीबद्दल बाईसाहेबांच्या वतीने क्षमा मागते. माया आहे तशी राहू द्या.
तुमची,
धाकटी

२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सोबत वहीची पानं आहेत. रोज बारापैकी बारा. बाईसाहेबांच्या पोटावर लव आली आहे, पडद्याच्या दांडीपर्यंत उडी जाते आणि पीस दिसलं की शेपूट जाडजूड होते. तक्रारीला जागा नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. रविवारी दादा आला होता. त्याने मांजरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आला तो थेट वहीकडे गेला. उभ्याउभ्या सगळी पानं चाळली आणि मग सहज विचारल्यासारखं आज वार कोणता ते विचारलं. रविवार म्हणूनच तो आला होता, हे त्याला माहीत नव्हतं की काय?

सोमवारी मी बाईसाहेबांना पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तुझं पत्रक पुढे ठेवलं. त्यांनी कौतुक केलं. दाणे लपवणं चांगलं, पीस चांगलं, खिडकीशी उंच जागा तर हवीच, म्हणाले. पण मांजरीसाठी आठवून लिहायची वही त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. रोज तासभर तिला कोंडून ठेवण्यानेही तिचा काही फायदा नाही, असं त्यांचं मत पडलं.

मग ही वही कोणासाठी आहे? तू आणि दादा मिळून माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय आणि मुकी मांजर पुढे केली आहे. खरं काय ते लिही. हसण्यावारी नेलंस तर मी उत्तर देणार नाही.
बाबा

६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हसण्यावारी नेत नाही. वही तुमच्यासाठी आहे.

मागच्या पावसाळ्यात दुकानातून घरी यायला तुम्हाला तीन तास लागले आणि तुम्ही मित्र भेटल्याचं सांगितलंत. मग दोनदा गॅस चालू राहिला. डॉक्टरांनी तुम्हाला चालायला, वाकायला आणि डोकं चालवायला सांगितलं, आणि तुम्ही खुर्चीतून हलला नाहीत. दादाचं म्हणणं होतं की घर बंद करावं आणि तुम्हाला त्याच्याकडे न्यावं. मी भांडून जुलैपर्यंतची मुदत मागून घेतली. वही बरोबर आली तर तुम्ही तुमच्याच घरी राहायचं, असं आमचं ठरलं. तुम्हाला न सांगता ठरवलं, ही माझी चूक. मला त्याची लाज वाटते.

दादाने पानं पाहिली. तो म्हणाला, बाबा जिंकले. मीही आनंदाने मान हलवली, पण मग रात्रपाळीला जाताना पानं सोबत नेली. बाबा, मीही तुमचीच मुलगी आहे. तापाचा तक्ता इतका सरळ आला की आम्ही रोग्याआधी नर्सला बोलावतो, कारण तो खुर्चीत बसून भरलेला असतो. तीन आठवड्यांत एकही जागा चुकली नाही? एकदाही खाडाखोड नाही? मलाच रोज बारा जागा आठवल्या नसत्या.

मी अजून कुणाला काही बोललेले नाही. तुम्ही सांगाल तेच खरं मानेन.
तुमची,
धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

झाकण तूच उघडलंस. बरं झालं, घरात धंदा जाणणारं कुणीतरी उरलं.

पहिले तीन दिवस मी प्रामाणिकपणे लिहिलं. नऊ, मग आठ, मग पाच. चौथ्या दिवशी तासाभराने पेन हातात घेतलं आणि एकही जागा आठवेना. मी दाणे लपवले होते हेच मला रिकाम्या वाटीवरून कळलं. मला भीती वाटली गं. तुझी आई गेली तेव्हासुद्धा मी असा घाबरलो नव्हतो. दार उघडलं, बाईसाहेब बाहेर आल्या आणि सरळ चपलांच्या फळीकडे गेल्या. मी मागून गेलो आणि लिहिलं, चपलांची फळी. त्या कपाटावर चढल्या, मी लिहिलं, कपाट. पहिली पानं फाडून टाकली. तेव्हापासून रोज ती शोधते, मी मागून फिरतो आणि दोन्ही रकाने एकदमच भरतो. चालणं मात्र खरं झालं, गुडघे सुधारलेत. हे असंच जुलैपर्यंत रेटायचं मी ठरवलं होतं. घर सोडायचं नव्हतं मला.

पण काल तिने अकरा जागी थांबून खाल्लं आणि बाराव्या जागी, खिडकीच्या कट्ट्यावर, ती नुसती हुंगून मागे सरली. मी भिंग लावून पाहिलं. तिथे दाणे नव्हते. माझ्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या. सकाळी काढून दाण्यांच्या वाटीशेजारी ठेवलेल्या. मग पाण्याबरोबर मी काय गिळलं ते विचारू नकोस, चव तशी वाईट नव्हती.

तू हसशील म्हणून लिहिलं, पण मला स्वतःला हसू आलं नाही. ती भुकेली असती तर? तुझी मांजर माझ्या हातून मेली असती आणि मी वहीत बारापैकी बारा लिहिलं असतं. तुझ्यावर संशय घेतला, दादावर घेतला, मुक्या जनावरावरसुद्धा घेतला. ज्याच्यावर घ्यायला हवा होता त्याच्या खोट्या पानांवर मात्र मी रोज खुणा करत बसलो.

दाणे लपवणं कालपासून बंद केलं आहे. फक्त पीस फिरवतो, त्यात विसरण्यासारखं काही नाही. गोळ्या कपाटात ठेवून किल्ली खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे दिली आहे, त्या दोन वेळा येऊन देतात. दादाला हे पत्र दाखव. मला त्याच्यासमोर हे बोलता येणार नाही. त्याला म्हणावं बाबा यायला तयार आहेत, पण बाईसाहेबांना बरोबर घ्यावं लागेल.

आणि तू ये. तपासायला नको, नुसती ये. आता लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

आशीर्वाद आहेत, ते काही मला आठवून द्यावे लागत नाहीत.
तुझा,
बाबा