मंगलच्या सोमवारचा शेक

११ ऑगस्ट, सोमवार
मंगल आज कंपनीतून दुपारीच परत. पॅकिंगच्या टेबलापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, सुपरवायझरने रिक्षात बसवून दिलं. सोळा सोमवारांतला हा तिसरा. बाई आतापासूनच भिंतीला धरून चालतेय.

म्हटलं साबुदाणा खा, भगर खा, सगळं जग खातं. तर नाही. तिच्या आईचा नियम: संध्याकाळी पूजा होऊन चूरमा मिळेपर्यंत फक्त फळं आणि दूध. भूषणसाठी आहे ना. तिचा धाकटा भाऊ. दोन्ही किडन्या गेल्या, नाशिकला डायलिसिस चालू. सासूबाई आपली एक किडनी द्यायला तयार आहेत, जुळते का त्याच्या तपासण्या चालल्यात. मं.ने शंकराला शब्द दिलाय, तिथे माझं कोण ऐकतं.

पण साडेसहाच्या बसमध्ये रिकाम्या पोटी चढते, केळं सोलायलाही वेळ नसतो, हे चालणार नाही. सोमवारचा नाश्ता आता माझ्याकडे.

१७ ऑगस्ट, रविवार
फोनवर स्मूदीचे व्हिडिओ पाहिले. सगळ्या बायकांची स्वयंपाकघरं पांढरीशुभ्र, आणि जवळ मी नावंही न ऐकलेल्या बिया. आमच्या सिल्वासाजवळच्या सामरवरणीत मिळालं ते: केळी, पपई, खजूर, पिशवीचं दूध. दिवसभर कंपनीत यार्नच्या मशिनी दुरुस्त करतो, घरच्या मिक्सरला घाबरायचं काय. ट्रायल घेतली. मं. म्हणाली शिकरणात पाणी पडलंय. पण ग्लास रिकामा केला.

१८ ऑगस्ट, सोमवार
लिहूनच टाकतो.

मं. अंघोळीला गेली होती. केळी, पपई, खजूर भांड्यात घातलं. बदाम भिजवायचे रात्री विसरलो होतो. एवढ्याशा शेकवर ही दुपारपर्यंत कशी तग धरणार, या विचारात असताना फळीवरची ओट्सची पिशवी दिसली. डॉक्टरांनी माझ्या कोलेस्टेरॉलसाठी सांगितलेले, मी आठवडाभर खाऊन सोडून दिलेले. चटणीच्या भांड्यात मूठभर घेऊन कोरडेच फिरवले. पार पीठ झालं. ते शेकमध्ये. रंगात फरक नाही, चवीत नाही.

ती उभ्या उभ्या प्याली, ओढणीने ओठ पुसले, बससाठी पळाली.

ओट्स म्हणजे धान्य. हे मला तेव्हाही माहीत होतं. अजून चार खजूर घालता आले असते, दूध वाढवता आलं असतं. पिशवी समोर होती, सोपं होतं, बस.

संध्याकाळी चांगली ताठ चालत आली. "आज चक्कर नाही आली बा. पाठीशी उभा राहिला ना तो." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

१ सप्टेंबर, सोमवार
आजही घातले. मागच्या सोमवारीही. एकदा खपलं की हात आपोआप पिशवीकडे जातो.

मं. संध्याकाळी आईशी फोनवर. उपास जरासुद्धा जड जात नाहीये, देवाने ऐकलं, भूषणलाही बघेलच. फोन स्पीकरवर होता. सासूबाई रडत होत्या, आनंदाने. मी चूरम्याची ताटली घेऊन गॅलरीत गेलो.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. भूषणचं आणि माझं कधी जमलं नाही. लग्नात मानपानावरून वाजलं ते वाजलंच. माझा सख्खा भाऊ आजारी असता तर हात असा सैल सुटला असता का? माझा देवावर विश्वास नाही असं मी म्हणत असतो. पण माझ्या आईने माझ्यासाठी उपास धरला असता आणि कुणी असं केलं असतं, तर मी त्याची गचांडी धरली असती.

८ सप्टेंबर, सोमवार
घातले. मं.चं वजन वाढलंय. उपासाने वजन वाढलेली सिल्वासातली पहिली बाई. मीच हसलो.

१५ सप्टेंबर, सोमवार
आज घालायचे नाहीत असं ठरवून उठलो. ती खोकत होती, चेहरा उतरलेला. घातले.

"पुढच्या वेळी नाही" हे सोमवारी म्हणायला काय जातं. पुढचा सोमवार लांब असतो.

२२ सप्टेंबर, सोमवार
नवरात्राचा पहिला दिवस. सकाळी सहाला बेल. समोरच्या कोकिळाबेन, रिकामा ग्लास हातात. मं.ने कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेकचं एवढं कौतुक केलंय की यांच्या सुनेपर्यंत पोचलं. "भाई, एक ग्लास मारा माटे पण बनावजो ने. मारे पण उपवास छे." त्यांचाही उपास, त्यांनाही एक ग्लास हवा. आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या, कसा करतात ते बघायला.

चटणीचं भांडं काढायचा प्रश्नच नव्हता. आणि त्या बसल्या नसत्या तरी... नाही, त्यांचा उपास मी मोडला नसता. परक्या बाईच्या उपासाची मला एवढी भीती, आणि घरच्या?

दोघींना साधाच शेक दिला. कोकिळाबेन खूश. खजूर वाढवायचे होते ते त्यांच्याशी बोलण्याच्या नादात तसेच राहिले.

अकराला मं.च्या कंपनीतून फोन. पडली. टेबलाचा कोपरा भुवईला लागला, दोन टाके. मी हाफ डे टाकून घेऊन आलो. घरी आल्यावर देवासमोर बसली आणि म्हणाली, "माझ्याकडून काहीतरी चुकलं. नाहीतर आजच का?"

मी हळद-दूध गरम करत होतो. उतू गेलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
मं. चूक शोधतेय. बेलाचं पान किडकं होतं का. मागच्या आठवड्यात जाऊबाईंशी फोनवर तोडून बोलली ते का. कंपनीत कुणाच्या डब्यातली आमटी हाताला लागली होती ते का. एकेक काढते आणि मला विचारते, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणतो, काही चुकलं नाही तुझं. तेवढं एक खरं बोलतो.

सासूबाईंना टाके सांगितले नाहीत.

२८ सप्टेंबर, रविवार
आज सकाळी मं.ने जाहीर केलं: उद्या पाणीसुद्धा नाही. झाल्या चुकीचं प्रायश्चित्त. टाके अजून ओले, आणि बाई निर्जळ कामावर जाणार. मी ओरडलो. तिने ऐकून घेतलं आणि कणीक मळायला घेतली.

सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, तिच्या पाठीला सांगितलं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. तुझं काही चुकलं नाही, मी ओट्स घालत होतो, त्या दिवशी घातले नाहीत म्हणून तुला चक्कर आली.

तव्यावरची पोळी करपली. तिने ती बाजूला काढली, दुसरी टाकली.

"मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाही ना?"

म्हटलं, तुला चक्कर येत होती.

"चक्कर माझी होती. उपासही माझाच होता."

तिने सगळ्या पोळ्या लाटून भाजून घेतल्या. शेवटी गॅस बंद करून माझ्याकडे वळली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "किती सोमवार?"

पाच. मला पाठ आहेत. पाच तोंडापर्यंत आलं होतं. पण भुवईवरची ती पट्टी दिसली. पाच बाद म्हणजे पाच पुढे वाढणार, पार डिसेंबरपर्यंत हे असंच. मी म्हणालो, "दोन."

तिने बोटांवर मोजलं. म्हणजे शेवटी दोन वाढवायचे, म्हणाली. आवाज शांत होता. मग खुर्चीवर बसली आणि ओढणीत तोंड घालून बराच वेळ रडली. मी जवळ गेलो तर म्हणाली, रडू दे, मला वाटत होतं माझ्याचमुळे भूषणला काही होणार. निर्जळीचं रद्द केलं.

तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कुठे उतरलं ते मला माहीत आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार
मं.ने आज स्वतःच केळी आणि सफरचंद चिरून डब्यात नेलं. मिक्सर बंद. मला चहा ठेवला होता, रोजच्यासारखाच. सासूबाईंचा फोन: जुळणीचा शेवटचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

ओट्स मी खातो आता, पाण्यात शिजवून. टाकून द्यायचाही धीर झाला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
पहाटे मं.ने उठवलं. बदाम रात्रीच भिजवलेत, खजूरही आहेत. तुम्हीच करा, म्हणाली, मला उशीर होतोय. आणि अंघोळीला गेली. मला वाटलं होतं उभी राहून बघेल. बघायला हवं होतं.

भांडं दोनदा धुतलं. केळी, बदाम, खजूर, दूध. ती उभ्या उभ्या प्याली, म्हणाली बदाम जास्त झालेत, पण चांगलं लागतंय.

रिपोर्ट आज नाहीतर उद्या येणार. चांगला आला तर तिचा देव पावला, त्याला किती सोमवार पोचले हे तो आणि मी बघून घेऊ. वाईट आला तर? तर काय करायचं ते मला माहीत नाही. तेव्हा पाच म्हणून सांगायचं? की तेव्हा तर अजिबातच नाही?

दारात चपला घालताना ती थांबली. बसचा हॉर्न वाजत होता तरी थांबली.

"दोनच ना हो?"

"दोनच," म्हणालो.

बरं, म्हणाली, आणि जिना उतरून गेली.